मले हासाचं भेव वाटते!

जुलै २०२३ ची गोष्ट. चांदूर बाजारला पेरण्यांची धांदल सुरू होती. पण संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या ओट्यावर विषय एकच, ‘बाईपण भारी देवा’. ३० जूनला हा चित्रपट लागला आणि दोन आठवड्यांत ज्या बायका वर्षानुवर्षे टॉकीजची पायरी चढल्या नव्हत्या, त्याही “तुम्ही पाह्यला का?” असे एकमेकींना विचारू लागल्या. अकरा जणींची यादी झाली. अमरावतीला जायचे ठरले. त्याच वर्षी १७ मार्चपासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट लागू झाले होते. गल्लीतल्या आत्याबाई तर पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांचा प्रवास आदल्या वर्षापासूनच मोफत. “एस.टी.ले लागतात त्याच्याहून जास्त पैसे तिथल्या मक्याच्या लाह्यांले लागतात,” असा हिशेब शिलाईवाल्या ताईंनी मांडला आणि घरून चिवडा न्यायचा ठराव पास झाला. (टॉकीजवाले तो आत नेऊ देत नाहीत, हे तिथे गेल्यावर कळले. परतीच्या एस.टी.त तो संपला.)

यादीतली एक वहिनी मात्र नाव देऊनही मागे हटू लागली. आधी सासूबाईंच्या जेवणाचे कारण. ती अडचण सुटली तर गुडघे दुखू लागले. मग म्हणाली, मले पिच्चरच आवडत नाई. शेवटी ताईंनी तिला तिच्याच स्वयंपाकघरात गाठले.

“काहून वं? खरं सांग.”

“मले हासाचं भेव वाटते.”

ही वहिनी सहा वर्षांपासून रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माझ्या दवाखान्यात येते. तिच्या परवानगीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिच्या या वाक्याकडे पुढे येऊच. आधी सिनेमाकडे, कारण तो लागला नसता तर हे वाक्य कुणी ऐकलेच नसते.

केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ची गोष्ट साधी आहे. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी पुन्हा एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर आणि दीपा परब. नायिका विशीतली हवी आणि तिच्यामागे एक नायक हवा, ही दोन्ही गृहीतके इथे बाजूला ठेवली होती. तरीही तो सर्वाधिक कमाई करणाऱ्या मराठी चित्रपटांच्या पंक्तीत ‘सैराट’च्या शेजारी जाऊन बसला. त्याच्या दीड वर्ष आधी, १९ नोव्हेंबर २०२१ ला, हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ आला होता. करोनाची टाळेबंदी उठून चित्रपटगृहे उघडल्याला महिनाही झाला नव्हता, तीही निम्म्या आसनक्षमतेने. सहलीला निघालेल्या सात बायका आणि त्यांना सांभाळता सांभाळता मेटाकुटीला आलेला एक तरुण टूर मॅनेजर, एवढ्यावर त्या चित्रपटाने बायकांना घराबाहेर काढले. निर्मिती सावंत यांची निर्मला आठवा. अशी एक बाई प्रत्येकीच्या माहेरी किंवा सासरी असतेच.

मैत्रिणींच्या जोडगोळीचा विनोदी सिनेमा ही काही आपल्याकडेच उगवलेली गोष्ट नाही. हॉलिवूडमध्ये १९५३ साली मॅरिलिन मन्रो आणि जेन रसेल यांचा ‘जंटलमन प्रिफर ब्लाँड्स’ आला. १९८० साली ‘नाइन टू फाइव्ह’मध्ये ऑफिसातल्या तीन बायकांनी मुजोर साहेबाला धडा शिकवला. २०११ चा ‘ब्राइड्समेड्स’ गाजला तेव्हा तिथल्या पंडितांना आश्चर्य वाटले, बायकांचा विनोद एवढा चालतो? दर दहा-पंधरा वर्षांनी त्यांना हे आश्चर्य नव्याने वाटते. मराठीत चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘बिनधास्त’ने १९९९ साली दोन कॉलेजकन्यांच्या मैत्रीला मध्यभागी ठेवले, पण तो रहस्यपट होता. त्याआधीचे मराठी पडद्यावरचे सगळ्यांत लाडके ‘मैत्रिणींचे’ जोडपे कोणते, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’मधल्या सुधा आणि पार्वती असे द्यावे लागेल. म्हणजे साडी नेसलेले सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे.

आणि १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या नात्यातल्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने बसून सिनेमाला गेल्याचे मला आठवते. परत आल्या तेव्हा सगळ्यांचे डोळे सुजलेले, आणि चेहरे मात्र मोकळे. आई घरात शिरता शिरता म्हणाली होती, “लय रडलो बाप्पा, बरं वाटलं.” तेव्हा मला ते कोडेच वाटले. पुढे रडण्यावरचे संशोधन वाचताना ते वाक्य आठवले. रडल्याने हलके वाटते की नाही हे बरेचसे कुणासोबत रडलो यावर ठरते, असे अनेक देशांतल्या लोकांना विचारून केलेल्या एका अभ्यासात २००८ साली मांडले गेले होते. रडताना कुणी धीर दिला, जवळ घेतले, तर बरे वाटल्याचे लोक जास्त सांगतात. त्या ट्रॉलीतल्या बायका पदर एकमेकींना देत होत्या. बत्तीस वर्षांनी त्यांच्याच सुना-लेकी एस.टी.ने गेल्या, हसायला. दोन्ही वेळी त्या घोळक्याने गेल्या, आणि माझ्या मते या चित्रपटांच्या यशाचे मूळ पडद्यापेक्षा त्या घोळक्यात जास्त आहे.

हसणे ही मुळात एकट्याने करायची गोष्ट नाही. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी बाजारात, कॉलेजात, रस्त्यावर लोक नेमके कधी हसतात हे चोरून ऐकून टिपले. असे सुमारे १२०० प्रसंग त्यांनी जमवले. दोन गोष्टी निघाल्या. माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या तीस पट संगतीत हसतो. आणि ज्या वाक्यावर लोक हसले त्यांतली बहुतेक वाक्ये मुळी विनोदी नव्हतीच. “बरं, येते मग,” असल्या वाक्यावरही माणसे खळखळून हसत होती. घरी मोबाइलवर जो प्रसंग पाहून आपण ओठही हलवत नाही, त्याच प्रसंगाला भरलेल्या टॉकीजात पोट धरून हसतो, त्याचे कारण हेच.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डन्बार यांनी पुढचा प्रश्न विचारला. संगतीत हसल्यावर शरीरात काय होते? त्यांच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या, काहींना कंटाळवाणे माहितीपट. आधी आणि नंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद मोजली. मोजायची रीत मला फार आवडली: एकतर बर्फासारखा थंड पट्टा हाताला गुंडाळायचा, नाहीतर रक्तदाब मोजायचा आपला नेहमीचा पट्टा फुगवत न्यायचा आणि “आता पुरे” म्हणेपर्यंत थांबायचे. जे खरोखर खळखळून हसले होते त्यांना जास्त वेदना सोसवली. नुसते बरे वाटले, पण हसू आले नाही, त्यांच्यात फरक दिसला नाही. फुफ्फुसातली हवा रिकामी होईपर्यंत पुन्हा पुन्हा बसणारे स्नायूंचे हिसके मेंदूत एंडॉर्फिन सोडतात, असा डन्बार यांचा तर्क. एंडॉर्फिन म्हणजे शरीराने स्वतःच तयार केलेले अफूच्या जातीचे रसायन. ते वेदना बोथट करते आणि सोबतच्या माणसाविषयी आपुलकी वाढवते.

तर्काला पुरावा २०१७ साली फिनलंडच्या तुर्कू शहरातून आला. तिथे बारा जणांना जवळच्या मित्रांसोबत अर्धा तास विनोदी चित्रफिती पाहू दिल्या, त्यानंतर पेट स्कॅन केले. मेंदूतली अफूसदृश रसायने खरोखरच सुटलेली दिसली. अभ्यास छोटा आहे, हे लक्षात ठेवलेले बरे. आणखी एक बारीक गोष्ट: त्या बारा जणांत एकही बाई नव्हती. पुरुषांच्या मैत्रीवर सिनेमेही जास्त आणि स्कॅनही आधी!

डन्बार यांच्याच गटाचे आणखी एक निरीक्षण इथे कामाचे आहे. गप्पांत एकत्र हसणाऱ्यांचे टोळके साधारण तीन-चार जणांचेच असते. त्याहून मोठा घोळका झाला की तो आपोआप फुटतो. टॉकीज ही मर्यादा ओलांडते. पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईचे हसू मागच्या रांगेपर्यंत येते आणि तीनशे जणी एकाच वेळी एका टोळक्यातल्या होतात.

आपल्याकडे हे काम टॉकीजच्या आधी कोण करत होते? वऱ्हाडातल्या कुठल्याही आजीला विचारा. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसली की कोजागिरीपर्यंत महिनाभर संध्याकाळी पोरी घरोघरी जात. गाणी म्हणत. त्या गाण्यांत सासरच्या एकेकाची अशी हजेरी घेतलेली असे की समोर बसलेल्या सासूबाईंनाही हसू आवरत नसे. शेवटी झाकलेला डबा हलवून खाऊ ओळखायचा. त्यात हरण्याची मजा जिंकण्याहून जास्त. पश्चिमेकडे हेच काम मंगळागौर आणि भोंडला करत. ‘झिम्मा’ हे तर खेळाचेच नाव आणि ‘बाईपण भारी देवा’ मंगळागौरीच्या खेळांवर उभा. म्हणजे परदेशातून आलेल्या साच्यात आपल्या दिग्दर्शकांनी ओतले ते घरचेच.

त्याच्याही मागे जाते होते. समोरासमोर बसून दोघींनी ओढायचे, पहाटे, घर झोपलेले असताना. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना लक्षात येते की त्यांत दुःख आहे तेवढीच थट्टाही आहे. आज आमच्याकडे निंदणाला किंवा कापूस वेचायला गेलेल्या बायकांच्या रांगेत तुम्हाला ते ऐकू येईल. शेताच्या धुऱ्यावरून जाताना अचानक हास्याचा लोट उठतो. जवळ गेलात की सगळ्या चूप. विनोद तुमच्यासाठी नसतो.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात कच्ची राहते. पुरुषाची मैत्री गावात राहते, बाईची माहेरी राहते. लग्नानंतर तिला नवे नाव, नवे नाते मिळते. ती कुणाची वहिनी, कुणाची काकू होते. पण मैत्रीण नव्याने करायला कुणी वेळ देत नाही. ‘मैत्रिणीकडे जाऊन येते’ हे कारण सांगून घराबाहेर पडणारी चाळिशीची बाई आमच्या गावात आजही विरळा. भिशी आणि बचत गट यांनी हे थोडे बदलले आहे. नातीगोती, मैत्री भक्कम असलेल्यांचे आयुष्य कमी एकाकी तर असतेच, ते जास्त जगतातही, असे २०१० साली १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. त्या अभ्यासांच्या सरासरी साडेसात वर्षांच्या काळात अशांची जगण्याची शक्यता निम्म्याने जास्त निघाली. मैत्रीमुळेच आयुष्य वाढले की निरोगी माणसाला मैत्री टिकवणे सोपे जाते, हा प्रश्न अशा अभ्यासांतून पूर्ण सुटत नाही. पण धूम्रपान आणि लठ्ठपणा यांच्याविषयी आम्ही डॉक्टर जेवढे बोलतो, त्याच्या दहावा हिस्साही मैत्रिणींविषयी बोलत नाही, हे खरे.

आता या सिनेमांत बायका हसतात ते कशाला, ते पाहू. सुटलेले पोट, पिकलेले केस, नवऱ्याचे घोरणे, थांबत आलेली पाळी. ‘ब्राइड्समेड्स’मधला सगळ्यांत गाजलेला प्रसंग तर अन्नविषबाधेचा आहे. लग्नाच्या महागड्या कपड्यांच्या दुकानात बहुतेक मैत्रिणींची एकाच वेळी पोटे बिघडतात. सभ्य समीक्षकांनी नाके मुरडली. पण बाईच्या शरीराबद्दल घरात दोनच सुरांत बोलले जाते, एक कुजबुजीचा आणि एक दटावणीचा. मैत्रिणी त्यात तिसरा सूर आणतात, थट्टेचा. जे सांगायची लाज वाटते ते हसण्याच्या ओघात बोलून जाते, आणि समोरची म्हणते, “माय वं, तुलेबी?” माझ्या मते हे सिनेमे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात ते या ‘तुलेबी?’मुळे.

वहिनीच्या स्वयंपाकघरात नेमके तेच झाले. हसायचे भेव म्हणजे काय, हे ताईंनी विचारले नाही. त्या म्हणाल्या, “हासलं का होते? मले तं शिंकलं तरी होते. मी अमरावतीले जाताना दोन पेटीकोट घालतो.” (आमच्याकडे बायकाही ‘मी जातो, मी घालतो’ असेच बोलतात.) मग दोघी हसल्या, आणि वहिनीला उठून मोरीत जावे लागले.

हसताना, खोकताना, शिंकताना, वजन उचलताना थेंब-दोन थेंब किंवा जास्त लघवी सुटणे, हा आजार आहे आणि तो फार सर्वसाधारण आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. पोटात दाब वाढला की हीच झोळी मूत्रमार्ग आवळून धरते. बाळंतपणात ती ताणली जाते. पाळी थांबण्याच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी, इस्ट्रोजेन कमी होते आणि तिथल्या ऊती आणखी सैल पडतात. त्यात वाढलेले वजन, जुना खोकला, बद्धकोष्ठता. आणि आमच्या भागात संत्र्यांचे क्रेट, कापसाची गाठोडी, पाण्याच्या घागरी. हसणे म्हणजे पोटाच्या स्नायूंचे एकापाठोपाठ एक झटकेच. मंगळागौरीत “आता वय झालं” म्हणत फुगडीपासून लांब बसलेल्या कितीतरी जणींचे खरे कारण गुडघे नसते.

मग बाई काय करते? पाणी कमी पिते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पाणी तोडणे म्हणजे लघवीच्या जंतुसंसर्गाला आणि मुतखड्याला आमंत्रण. प्रवास टाळते, लग्नात मागच्या खुर्चीवर बसते, हसण्याच्या जागा टाळते. आणि कारण विचारले तर म्हणते, मले आवडत नाई. घरच्यांना वाटते, स्वभाव बदलला. मला वाटले होते, मन खचले आहे. मागच्या वर्षी मी तिला तसे विचारलेही होते. (मन खरेच खचले असेल, झोप-भूक उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर त्यावर सिनेमा हा उपाय नाही. डॉक्टरांना भेटा, किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलतात.) पण “हसताना लघवी होते का?” हे मी कधी विचारले नाही. सहा वर्षे मी तिच्या दंडाला पट्टा बांधत होते.

आठवड्याने ताई तिला घेऊन दवाखान्यात आल्या. सोबत आणखी दोघी. “आम्हालेबी सांगा,” म्हणाल्या. चौघींची तपासणी झाली, लघवी आणि साखर पाहिली, कारण जंतुसंसर्ग आणि मधुमेहातही हा त्रास वाढतो. एकीचे दुखणे वेगळे निघाले. तिला हसण्याने नव्हे, तर अचानक कळ येऊन मोरीपर्यंत पोचायच्या आत होत असे. त्याचे उपचार निराळे असतात, लघवीच्या वेळा हळूहळू लांबवायचा सराव आणि गरज पडल्यास औषधे. बाकी तिघींना मी व्यायाम शिकवला.

हा व्यायाम अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडला. त्याला साहित्य लागत नाही, जागा लागत नाही. चारचौघांत असताना वायू रोखून धरतो तसे आतून आवळायचे आणि वर ओढायचे. पोट, मांड्या, कुल्ले सैल, श्वास चालू. सुरुवातीला पाच सेकंद, जमेल तसे दहापर्यंत धरायचे. तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा आणि निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच थांबवून हा सराव करू नये. खोकला किंवा शिंक येणार असे कळले की आधीच आवळून धरायचे. (हसण्याला ही युक्ती लागू पडत नाही, विनोद आधी कळवून येत नाही.) हे स्नायू नेमके कोणते, हे बऱ्याच जणींना पहिल्या झटक्यात सापडत नाही. त्या श्वास कोंडून उलट खालीच जोर देतात. म्हणून एकदा तरी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडून खात्री करून घ्यावी.

उपयोग होतो का? २०१८ साली ३१ चाचण्या आणि १८१७ स्त्रियांची माहिती तपासणारा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त ताणाने लघवी होण्याचा त्रास होता, त्यांच्यात व्यायाम करणाऱ्यांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी त्रास पूर्ण बरा झाल्याचे सांगितले. न करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६ टक्के होते. रक्तदाबाच्या कुठल्या गोळीबद्दल मला असे छातीठोक सांगता आले असते तर! ज्यांना याने पुरेसे बरे वाटत नाही त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेसह इतर उपाय आहेत. लघवीतून रक्त, जळजळ आणि ताप, बाळंतपण किंवा ऑपरेशननंतर दिवसरात्र सतत गळणे, योनीमार्गातून गोळा बाहेर आल्यासारखे वाटणे, यांपैकी काही असेल तर मात्र व्यायामाच्या भरवशावर थांबू नये.

त्या जुलैत वहिनी सिनेमाला गेली ती ताईंच्या हट्टापायी. कडेची खुर्ची, पॅड, पर्समध्ये जास्तीचा परकर आणि मध्यंतराच्या पाच मिनिटे आधीच उठून स्वच्छतागृहाकडे. कारण मध्यंतरात तिथे जी रांग लागते ती पुरुषांना ठाऊक नसते. ती हसली, पण ओढणी तोंडाला लावून, पाय एकमेकांवर घट्ट. ताई सांगत होत्या, अर्धा सिनेमा त्यांनी पडद्याकडे पाहिला आणि अर्धा तिच्याकडे.

व्यायाम तिघींपैकी एकीने महिनाभरातच सोडला. हेही खरे आहे, आणि नेहमीचे आहे. बाकीच्यांनी तो टिकवला त्याचे श्रेय माझ्या कागदावरच्या सूचनांना देता येत नाही. ताईंनी संध्याकाळी ओट्यावर एक परवलीचा शब्द ठरवला होता. तो उच्चारला की त्यांनी बोलता बोलता आवळायचे आणि मनातल्या मनात मोजायचे. बाकीच्यांना कळायचे नाही की या मध्येच गप्प का होतात. आत्याबाईंना संशय आला होता.

२४ नोव्हेंबरला ‘झिम्मा २’ लागला. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे दोघी-तिघींना येता आले नाही. आठ जणी गेल्या, मीही दवाखाना बंद ठेवून गेले. वहिनी या वेळी मधल्या खुर्चीवर होती, दोन्ही बाजूंना चार-चार माणसे. खोकल्यावर अजून थोडे होते, असे तिने मला एस.टी.तच सांगून ठेवले होते. मध्यंतराला आम्ही उठलो तेव्हा ती जागची हलली नाही. मध्यंतरानंतर एका प्रसंगाला सगळे टॉकीज एकदम फुटले. वहिनी पुढे वाकून, गुडघ्यावर थापा मारत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. ताईंनी वळून नुसत्या भुवया उंचावल्या.

“कोरडी हाये वं!” वहिनी म्हणाली, एवढ्या मोठ्याने की पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी मागे वळून पाहिले. त्यातली एक जरा जास्तच वेळ पाहत राहिली.